जॅकवेलपुढची जलपर्णी: नोव्हेंबर ते जुलैच्या नोंदी

२४ नोव्हेंबर

पहाटे पाचला ऑपरेटरचा फोन, दादा पंप हवा धरतोय, अँपिअर खाली आलेत, बंद करू का. बंद कर म्हटलं आणि तशीच गाडी काढली. उजनी धरण सध्या भरलेलं आहे, पाणी जॅकवेलच्या (म्हणजे काठावरच्या, पंप बसवलेल्या विहिरीच्या) भिंतीला लागलंय, त्यामुळे पाण्याची टंचाई हा विषयच नाही, तरी पंपाला पाणी मिळत नाही कारण इनलेटच्या, म्हणजे पाणी आत घ्यायच्या तोंडाच्या, जाळीला जलपर्णीची मुळं अशी बसली होती की ओली घोंगडी चारी बाजूंनी गुंडाळावी. हाताने ओढून निघेना, शेवटी कोयत्याने कापत कापत दोन तास गेले, पाच गावांचं पाणी आज दुपारी सुटलं.

हे तिसऱ्यांदा झालं या महिन्यात. आजपासून तारीखवार लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण दरवर्षी तेच होतं, मागच्या वर्षी नक्की कधी आली, किती आली, काय केलं तर थांबली हे कुणालाच धड आठवत नाही आणि मग दरवर्षी नव्याने धावाधाव.

कागदासाठी थोडक्यात: आमची पाच गावांची पाणी योजना इंदापूरच्या बाजूला, भीमेच्या बॅकवॉटरवर. धरण १९८० चं, एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला अर्ध्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारं, सहज सोडता न येणारं पाणी. म्हणून आमच्याकडे धरण रिकामं झालं असं कुणी म्हणत नाही, वापराचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला की मायनसमध्ये गेलं म्हणतात. जॅकवेल एका आत शिरलेल्या वळणावर आहे. बांधताना ते बरं वाटलं असेल, लाटांचा मार लागत नाही, पण वाऱ्याने येणारी प्रत्येक गोष्ट त्याच वळणात येऊन बसते.

२९ नोव्हेंबर

किती आहे ते मोजल्याशिवाय माणसं किती लावायची, ट्रॅक्टर किती लागेल काहीच कळत नाही. बांबूची एक मीटर बाय एक मीटर चौकट बांधली, होडीतून नेऊन दाट भागात टाकली आणि चौकटीच्या आतली सगळी जलपर्णी उपटून, पाच मिनिटं निथळून ताणकाट्याला लावली. ३१ किलो. परत दुसऱ्या जागी, २८. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर धरलं तर एका गुंठ्यात तीन टन! वळणात आज अंदाजे दोन गुंठे आहे, म्हणजे सहा टन. बाहेर मोकळ्या पाण्यावर जे हिरवं दिसतंय ते एकरात मोजायचं.

दहा किलो वेगळी काढून गच्चीवर वाळत टाकलीय.

८ डिसेंबर

गच्चीवरचे दहा किलो आज पाऊण किलोही भरले नाहीत. बाकी सगळं पाणीच! मागच्या वर्षी आपण काढल्या काढल्या ट्रॉलीत भरून दोन किलोमीटर लांब नेत होतो, म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहत होतो. यापुढे काढायची, काठाला मुरमावर पसरायची, आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्यायची आणि मग उचलायची. पण पसरायची ती धरणाच्या भरतीच्या खुणेच्या वर. खाली ठेवली आणि पाणी वाढलं की उठून परत तरंगायला लागते, मुळाशी थोडी ओल राहिली तरी पुरते तिला.

घरामागे एक बॅरल मधोमध कापून दोन टब केलेत. एकात बॅकवॉटरचं पाणी, दुसऱ्यात टाकीत साठवलेलं छपरावरचं पावसाचं पाणी. दोन्हीत पाच पाच रोपं, सारख्या आकाराची बघून टाकली. आईने बघितलं आणि म्हणाली डास होतील, म्हणून आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून दोन्हीत सोडले.

१४ डिसेंबर

आज अडसर टाकला. निळी दोनशे लिटरची बॅरल, झाकणं घट्ट करून वर एमसीलचा थर, तीन तीन मीटरवर एक अशी चाळीस बॅरल नायलॉनच्या जाड दोरात ओवली. बॅरलांच्या खाली दोन फूट जाळीचा पदर सोडलाय, कारण मुळं खालून जातात, नुसत्या बॅरलला ती अडत नाहीत. पदर खाली ताठ राहावा म्हणून जाळीच्या काठाला शिशाच्या गोळ्या, त्या मामांनी दिल्या, जुन्या जाळ्यातल्या. मामा म्हणजे आमच्या गावचे भोई, बेचाळीस वर्षं याच पाण्यात होडी घालतात, अख्ख्या कामात त्यांचा शब्द मी शेवटचा मानतोय.

एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ ताणला. मामा म्हणाले सरळ नको, तिरका घ्या. मी म्हटलं आधी बघू.

२ जानेवारी

मामांचं खरं होतं. थंडीत आमच्याकडे पूर्वेकडचा वारा, तो सगळा माल आमच्याच काठावर आणतो, काल रात्रभर वारा होता आणि सकाळी अडसराला मधोमध पोट आलेलं, दोन गुंठ्याची गादी त्यात बसलेली आणि उत्तरेकडचा सिमेंटचा ठोकळा गाळातून उपटून वीस फूट आत ओढला गेलेला. एका गुंठ्याला तीन टन हे मीच मोजलं होतं, पण तो भार दोरावर येतो हे डोक्यात नव्हतं आलं.

दिवसभर लावून परत बांधला, आता तिरका, वाऱ्याकडून काठाकडे उतरता. येणारी जलपर्णी बॅरलांना धडकून थांबत नाही, घसरत घसरत दक्षिणेच्या कोपऱ्यात जाते, तिथे काठ सपाट आहे, ट्रॅक्टर पाण्यापर्यंत येतो. म्हणजे अडसर म्हणजे भिंत नाही, वाट दाखवायची पट्टी आहे. चार वाजेपर्यंत निम्मी गादी आपोआप कोपऱ्यात जाऊन बसली, तिथून सहा जणांनी आकड्याने ओढून काढली.

पाठीला पाणी लागून सगळ्यांना गारठा भरला. कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं काम सकाळी नऊच्या आधी ठेवायचं नाही, लिहून ठेवतो. ओढताना एका गादीखालून मोठा विरोळा साप निघाला, बिनविषारी आहे, मारू दिला नाही.

४ जानेवारी

टबांचा हिशोब, २७ दिवसांनी. बॅकवॉटरच्या पाण्यात पाचाची अठरा झाली, पानं गडद, देठ फुगलेले, मुळं आखूड, वीतभर. पावसाच्या पाण्यातली पाचाची सात, पानं पिवळी, आणि मुळं केवढी लांब, हातभर, काळी जांभळी, पिसासारखी पसरलेली. दोन्ही टब शेजारी ठेवून किती वेळ बघत बसलो. ज्याला खायला मिळत नाही ते लांबवर हात पसरतं, ज्याला बसल्या जागी मिळतं त्याला मुळं वाढवायची गरजच नाही. म्हणजे मुळाची लांबी बघून पाण्यात किती घाण आहे त्याचा अंदाज येतो.

मग होडीतून बाहेरच्या गाद्यांमधली वीस झाडं उपटून बघितली. सगळी आखूड मुळांची.

१९ जानेवारी

आज बाईकवर नदीच्या उलट्या दिशेने गेलो, सोबत तात्या होते, पाणी वापर संस्थेचे. ही कुठून येते ते एकदा डोळ्याने बघायचं होतं. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुण्यात संगमावर एकत्र होतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला. दोन मोठ्या शहरांचं आणि मधल्या सगळ्या गावांचं, कारखान्यांचं सांडपाणी याच वाटेने येतं आणि शेवटी उजनीत थांबतं. वाहत्या पाण्यात जलपर्णीला पाय रोवता येत नाही, पण या नद्या वाहतात कुठे, दर थोड्या अंतरावर केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना ढापे (गाळ्यांतल्या फळ्या) टाकतात, पाणी तुंबतं, नायट्रोजन आणि फॉस्फरस आयता आहेच, आणि वरून हिवाळ्याचं स्वच्छ ऊन. तुळापूरच्या अलीकडे एका पुलावरून बघितलं तर नदी नाहीच, हिरवं मैदान, त्यावर बगळे चालतायत.

काठावर एक आजी शेळ्या राखत होत्या, त्या म्हणाल्या संध्याकाळी सहानंतर दार उघडं ठेवता येत नाही, डासांनी लेकरं फोडून काढली. या डासांमधली एक जात तर अशी आहे की तिच्या अळ्या श्वासासाठी वर येतच नाहीत, जलपर्णीच्या मुळात नळी खुपसून तिथलीच हवा घेतात, त्यामुळे पाण्यावर तेल टाकून त्या मरत नाहीत. मॅन्सोनिया नाव तिचं, हत्तीरोग पसरवणाऱ्यांपैकी.

तात्या परत येताना म्हणाले, आपण खाली कितीही काढली तरी वरचा नळ चालूच आहे. खरं आहे. पण वरचा नळ आपल्या हातात नाही म्हणून आपला इनलेट तुंबू द्यायचा असंही नाही. दोन्ही ठिकाणी बोलायला पाहिजे, लिहायला पाहिजे, आणि हातातलं काम पण करायला पाहिजे.

४ फेब्रुवारी

फुलं आली. दिसायला फारच सुंदर, फिकट जांभळी, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा ठिपका. मूळची दक्षिण अमेरिकेची, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, या फुलासाठीच माणसांनी ती जगभर नेली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आली आणि तिथले तलाव, नाले, भातखाचरं बुजवून टाकली.

एक दांडा जवळून बघितला. फूल संपलं की तो दांडा वाकतो आणि मान खाली घालून पाण्यात शिरतो, बी पाण्यातच सुटतं आणि तळाच्या गाळात जाऊन बसतं. गाळातलं बी पंधरा वीस वर्षं जिवंत राहतं. म्हणजे आज जे फूल आपण काढायचं टाळलं ते माझ्या मुलाच्या लग्नापर्यंत उगवत राहणार. म्हणून यापुढे आधी फुलावर आलेल्या गाद्या काढायच्या, मग बाकीच्या, आणि फुलावरची जलपर्णी खतात घालायची नाही, वेगळी वाळवून जाळायची.

२१ फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला जड जातंय पण लिहितो.

चार दिवसांपासून वारा फिरलाय, आता संध्याकाळी पश्चिमेचा सुटतो. काल रात्री आपल्या तीन पोरांनी, ठरवून की कुणी सांगितलं म्हणून ते अजून कळलं नाही, अडसराचं दक्षिणेचं टोक सोडलं आणि कोपऱ्यात साठलेली अख्खी गादी बांबूने ढकलून वाऱ्यावर सोडून दिली. मी सकाळी आलो तर वळण आरशासारखं स्वच्छ. मी पण खूश झालो क्षणभर, हे लपवत नाही. ट्रॅक्टरचा दोन दिवसांचा खर्च वाचला, माणसांची मजुरी वाचली.

अकरा वाजता पलीकडच्या काठावरून, करमाळ्याच्या बाजूच्या गावातून फोन आला. त्यांच्या ऑपरेटरचा. रागावला असता तर बरं झालं असतं, तो नुसता विचारत होता, दादा तुमच्याकडे पण एवढी आलीय का, आमची जाळी गच्च झाली, दोन्ही पंप बंद, गावात लग्न आहे, पाण्याची अडचण झाली. मी काय बोलणार. आमच्याकडूनच आलीय हे सांगायला मला दहा मिनिटं लागली.

दुपारी सरपंचांना सांगून आपले आठ जण, दोन होड्या, आकडे घेऊन पलीकडे गेलो. ती तीन पोरं पण. लग्नघरासाठी आपला टँकर पाठवला. रात्री दहापर्यंत त्यांची जाळी मोकळी केली.

२२ फेब्रुवारी

आज परत पलीकडे, उरलेली काढली. तिथले म्हातारे आबा काठावर बसून होते, संध्याकाळी निघताना म्हणाले, आमच्या पोरांनी पण दोन वर्षांमागं असंच केलं होतं, तेव्हा ती तुमच्याकडं आली असंल. मग आम्ही हिशोब केला, किती वेळा ही एकच गादी दोन काठांमध्ये फिरली असेल आणि दोन्हीकडच्यांनी तिला किती पैसे घातले असतील, आणि ती मधल्या मध्ये दुप्पट होत राहिली, गरम दिवसात पंधरा दिवसांच्या आत दुप्पट होते ही.

दोन्ही गावांनी तोंडी ठरवलं: ढकलायची नाही. ज्याच्या काठाला लागली त्याने काढून जमिनीवर घ्यायची, मनुष्यबळ कमी पडलं तर दुसऱ्याने यायचं. वारा फिरला की एकमेकांना फोन करायचा. माझ्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही ऑपरेटरच्या सह्या घेतल्या.

१० मार्च

ग्रामपंचायतीत बैठक. एकाने फवारणीचा विषय काढला, तणनाशक मारा आठ दिवसात काळी पडते, शेतात मारतोच की आपण. असं म्हणणाऱ्यांचं मला चुकत नाही वाटत, उसात तण मारणारा माणूस तसाच विचार करणार. पण इथे पाण्यावर मारायचं आणि तेच पाणी शंभर मीटरवरून उचलून पाच गावांना प्यायला द्यायचं. दुसरं म्हणजे मेलेली जलपर्णी कुठे जात नाही, तिथेच बुडते, एका गुंठ्याला तीन टन तळाला सडणार, सडताना पाण्यातला ऑक्सिजन खाणार, मासे वर येऊन तडफडणार, आणि त्यातून सुटलेल्या खतावर पुढची उगवणार. मामा बैठकीत सहसा बोलत नाहीत, ते उठून एवढंच म्हणाले की माझी जाळी त्याच पाण्यात असतात. विषय तिथे संपला.

पाण्याच्या वासाचा विषय बायकांनी काढला. ते बरोबर आहे, गादीखालच्या पाण्यात उजेड जात नाही, हवा जात नाही, ते काळपट होतं आणि वास धरतं. फिल्टरवर तुरटी जास्त लागतेय, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पण नेहमीच्या मापाने घातली तर टोकाच्या नळाला ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या चाचणीत, पिवळा रंग येत नाही. डोस वाढवलाय, पण खरा उपाय इनलेटच्या आजूबाजूला तीस मीटर पाणी मोकळं ठेवणं. त्यासाठी दोन माणसं कायमची, रोज सकाळी, फक्त तेवढ्या तुकड्याला. मंजूर झालं. जलपर्णी काढायच्या मशीनसाठी वरच्या कार्यालयाकडे दिलेला अर्ज अजून तिथेच आहे.

२८ मार्च

एका पानावर बारीक बारीक खरवडल्यासारखे ठिपके दिसले. पहिल्यांदा वाटलं रोग असेल. मग गाभा उकलून बघितला तर आत चार-पाच मिलिमीटरचा करड्या रंगाचा भुंगा, पुढे सोंड, तांदळातल्या सोंड्याचा थोरला भाऊच. हा निओकेटिना. मूळ जलपर्णीच्याच देशातला, तिचा तिथला शत्रू. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने बाहेरून आणून, हा दुसरं काही पीक खात नाही याची खात्री करून मग भारतात सोडला. मोठा भुंगा पान खरवडतो, अळी देठात बोगदा करत गाभ्यापर्यंत जाते, झाड हळूहळू पाणी धरून बुडतं. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर जलपर्णी मागे हटली त्यात याचा मोठा वाटा मानतात.

मग आपल्याकडे का नाही होत? मला जे समजतं ते असं, याला संख्या वाढवायला तीन-चार वर्षं एका जागची जलपर्णी लागते आणि आपल्याकडे दर जुलैला पूर येऊन गाद्या भुंग्यासकट वाहून जातात. शिवाय सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी भुंगा खाईल त्यापेक्षा जोरात वाढते. बंद तळ्यात हा उपयोगी, आमच्यासारख्या येत्या-जात्या पाण्यात एकट्याच्या भरवशावर राहता येणार नाही. तरी एक केलं, जॅकवेलपासून लांब, ओढ्याच्या आतल्या डबक्यात एक छोटा तुकडा मुद्दाम ठेवलाय, भोवती जाळी मारून, फुलं खुडत राहायचं. तिथे भुंगे सोडलेत, बावीस मोजून.

१७ एप्रिल

पंढरपूरकडे लग्नाला गेलो होतो, तिथे मावसोबा कालव्यावर पाटकरी (पाणी सोडणारे) आहेत, त्यांच्याबरोबर सकाळी वितरिकेवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, फिरून आलो. आवर्तन (पाण्याची पाळी) नुकतंच बंद झालेलं. कालव्याचा त्रास आमच्यापेक्षा वेगळा. जलपर्णी तिथे तुकड्या तुकड्याने येते आणि सायफनच्या तोंडाला, मोऱ्यांना अडकते, पण खरी अडचण काठाने आत सरकलेल्या पाणकणसाची आणि बेशरमीची. बेशरम पण बाहेरचीच, अमेरिका खंडातली, फांदी तोडून टाकली तरी मूळ धरते, नाव उगाच नाही पडलं.

मावसोबांनी एक गोष्ट दाखवली जी मला कधी लक्षात आली नव्हती. भिंतीवरची पाण्याची खूण वरच्या अंगाला फूटभर चढलेली, आणि टेलला (शेवटच्या टोकाला) मात्र पाणी पोचलं नाही. तणामुळे पाण्याचा वेग मोडतो, ते जागेवर फुगतं, हेडच्या (सुरुवातीच्या) लोकांच्या दारात भरपूर, टेलचा माणूस कोरडा, आणि भांडण मात्र पाटकऱ्याशी. त्यांचं म्हणणं, जेसीबीने खरवडलं की लोकांना काम झालेलं दिसतं पण अस्तर फुटतं, काठाचा उतार बिघडतो आणि पाणकणसाचे गड्डे तुटून खाली जाऊन परत उगवतात. पाणी बंद झाल्यावर चार-पाच दिवसांनी, गाळ अजून मऊ असताना कुदळीने गड्ड्यासकट काढायचं, आणि तेही कणसाचा कापूस उडायच्या आधी.

पाण्याखालच्या तणासाठी काही ठिकाणी गवत्या मासा सोडतात. तो पण पाहुणाच, १९५९ ला भारतात आणला. गंमत अशी की आपल्याकडच्या तळ्यात, कालव्यात साधी वाटणारी हायड्रिला अमेरिकेत फ्लोरिडात जाऊन तिथल्या कालव्यांची डोकेदुखी झालीय, काचेच्या टाकीत शोभेसाठी नेलेली. एका जागी कीड-माशांनी, पुरांनी, गुराढोरांनी धरून ठेवलेली गोष्ट दुसऱ्या जागी मोकाट सुटते.

३ मे

धरण मायनसमध्ये. पळसनाथाच्या देवळाचा कळस उघडा पडलाय, लोक होड्या घेऊन बघायला जातायत. आमचं पाणी जॅकवेलपासून तीनशे मीटर मागे गेलं, नेहमीप्रमाणे चर खोदली, पोकलेनने, आणि चरीतून पाणी आणतोय. आता सगळा जीव त्या चरीत. रुंदी बारा फूट, एक गादी आडवी आली तरी संपलं, म्हणून चरीच्या तोंडाला छोटा अडसर आणि त्याच्या मागे लोखंडी सळ्यांची तिरकी जाळी, दाताळ्याने खालून वर ओढता येईल अशी.

काल चरीचा काठ एका जागी ढासळला. भिजून झाला असेल म्हणून बघायला उतरलो तर काठात बिळं, हात कोपराच्या वर आत गेला. मामांनी जाळं टाकलं, निघाले सकर मासे, अकरा. अंगावर खवल्यांऐवजी हाडासारखी काटेरी कवचं, पोटाकडे तोंड, काळपट नक्षी. लोकांच्या घरातल्या टाकीत काच साफ करायला ठेवतात तोच हा, मोठा झाला की नदीत सोडून देतात. काठाला बीळ करून अंडी घालतो आणि नर तिथे राखण बसतो. मामांचं जाळं एका जागी फाटलंच. ते म्हणाले पूर्वी या दिवसात मरळ, वाम मिळायची, मग चिलापी आली ती सगळीकडे झाली, आता जाळं ओढलं की हे. चिलापी पण आफ्रिकेची, १९५२ ला आणलेली, पण ती निदान विकली जाते, भिगवणला गाडीवर तळलेली चिलापी खायला लोक लांबून येतात. याला कोण घेणार. पाण्यात परत टाकायचा नाही एवढं ठरलं, खड्डा करून पुरले. चरीच्या त्या काठाला मुरमाच्या गोण्या लावल्या.

आणि आजची सगळ्यात महत्त्वाची नोंद. उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर, पाण्याच्या कडेने, गवतासारखं बारीक हिरवं उगवलंय. गुडघ्यावर बसून बघितलं, पट्टीसारखी अरुंद पानं, नखाएवढी रोपं, एकाचंच तिसरं पान जरा गोल व्हायला लागलेलं आणि त्याच्या देठाला अगदी ज्वारीच्या दाण्याएवढा फुगा. जलपर्णीची बियांपासूनची रोपं! इतकी वर्षं मी समजत होतो की सगळी वरून पुण्याकडून वाहून येते. निम्मी गोष्ट खरी, पण इथल्या गाळात आपलंच बी पडलेलं आहे, पाणी उतरलं, गाळाला ऊन लागलं की ते उठतं, आणि जुलैत पाणी चढलं की हीच रोपं तरंगून आधीच आत बसलेली असतात.

आज ती नखाएवढी आहेत. शाळेला सुट्टी आहे, पोरांना घेऊन खुरप्याने आणि दाताळ्याने एका सकाळी जॅकवेलपुढचा सगळा पट्टा साफ होईल, नोव्हेंबरमध्ये याच रोपांना सहा टन म्हणायचं.

६ मे

झालं. बावीस पोरं, नऊ बायका, दोन सकाळी. उपटलेलं सगळं दोन घमेली भरलं फक्त. पोहे आणि ताक दिलं सगळ्यांना.

१९ मे

वाळवलेल्या जलपर्णीचं खत उघडून बघितलं. शेणकाला मिसळून, दर पंधरा दिवसांनी पालथं घातलं होतं, आता काळं, भुसभुशीत, वास मातीचा. ही जलपर्णी सांडपाण्यात वाढताना जड धातू पण ओढून घेते, म्हणून हे खत भाजीपाल्याला द्यायचं नाही असं सांगितलंय, रस्त्याकडेच्या झाडांना आणि शाळेमागच्या लिंबांना. गुरांना घालू नका हे परत एकदा सांगायला लागलं, एकाने ओली घातली आणि म्हशीला दोन दिवस हगवण.

११ जून

वरच्या बाजूचे बंधारे मोकळे होतायत, ढापे काढायला सुरुवात झाली. म्हणजे उन्हाळाभर अडलेलं सगळं आता निघणार. पलीकडच्या गावाला फोन केला, त्यांनी पण अडसर तपासून घेतला. आपल्या अडसराचे सहा बॅरल उन्हाने चिरलेत, बदलले.

२७ जून

पहिली लाट आली, पण पाणी अजून संथ आहे म्हणून अडसराने नीट वळवली, कोपऱ्यातून दोन दिवसात काढली. तीस मीटरचा तुकडा एकदाही बुजला नाही. ऑपरेटरने रजिस्टर काढून दाखवलं, मार्चपासून आजपर्यंत पंप तुंबून बंद पडला तो एकदाच, चरीचा काठ ढासळला त्या दिवशी.

९ जुलै

दौंडकडून विसर्ग वाढतोय, नदीला लाल पाणी आलंय. पुराच्या पाण्यात अडसर टिकत नाही, उलट तुटून गेला तर बॅरल आणि दोर कुणाच्यातरी पंपात जाईल, म्हणून आज सकाळीच सोडवून काठावर घेतला. मामा दोराचं टोक धरून होते, मी बॅरल मोजत होतो. अडतीस भरली, दोन गेली. दोन दिवस जाळीवर दोन पाळ्यांत माणसं ठेवलीत.

घरामागचे टब पण आज रिकामे केले. बॅकवॉटरच्या टबात पाणी दिसेनासं झालं होतं, काठावरून बाहेर लोंबत होती. पावसाच्या पाण्यातली एकोणीस, अजून पिवळीच. दोन्ही खताच्या ढिगावर टाकली, गप्पी मासे शाळेच्या टाकीत सोडले, नदीत नाही.

अडसर परत टाकायची तारीख गणपती झाल्यावर पहिला रविवार, पलीकडच्या गावाने पण तीच ठेवलीय.